मुकादमबाईंचं स्वच्छ रक्त

पाच मजली कचेरीची सगळी झाडलोट ज्यांच्या एका हाकेवर चालायची, त्या मुकादमबाई. हाताखाली आठ-दहा बायका, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आवाज असा की त्या तळमजल्यावर खाकरल्या तरी तिसऱ्या मजल्यावरचा कारकून टेबलावरचे पाय खाली घेई. खरं नाव हजेरीपुरतं. मोठ्या साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे मुकादमबाईच म्हणत, आणि घरी नवरासुद्धा चिडला की तेच म्हणे. तसा तो चिडायचा फार कमी. बिचारा कुलपं दुरुस्त करायचा. दिवसभर हट्टी कुलपांशी गोडीगुलाबीनं वागून त्याला तीच सवय लागली होती, आणि घरी तिचा चांगलाच उपयोग होत होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या खमक्या मुकादमबाई, म्हणजे कचेरी कशी लख्ख असेल! छे हो. कचेरी लख्ख असायची ती तपासणीच्या दिवशी. तपासणीवाले साहेब तीन महिन्यांतून एकदा येत, आणि ते येणार ही बातमी बाईंना साहेबांच्या ड्रायव्हरच्याही आधी लागे. मग काय विचारता! आदल्या दिवशी बाई नुसत्या पेटायच्या. मोडक्या खुर्च्या, गळक्या बादल्या, रद्दीचे गठ्ठे, सगळं जिन्याखालच्या खोलीत कोंबायचं, कुलूप घालायचं आणि कुणी विचारलं तर किल्ली सापडत नाही म्हणायचं. कुंड्यांतल्या झाडांची पानं ओल्या फडक्यानं पुसायची. फिनेल मात्र साहेबांची गाडी फाटकात शिरली की मगच ओतायचं. वास ताजा लागतो. साहेबांची नजर कुठे कुठे जाते हे बाईंना तोंडपाठ होतं. दाराच्या मुठी, आरशाचा खालचा कोपरा, बेसिनच्या नळाखालचा डाग. कपाटांच्या वर मात्र ते कधी बघत नसत, कारण त्यांची उंची बेताची होती. त्यामुळे कपाटांवरच्या धुळीला बाईंनी वर्षानुवर्षं अभय दिलं होतं. साहेब 'उत्तम' असा शेरा मारून जात, आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरी पुन्हा निवांत मळायला लागे.

अशी या बाईंची कर्तबगारी. पण त्यांच्या छातीत लहानपणापासून एक भानगड होती.

शाळेत असताना एकदा त्यांचा घसा धरला. घसा बरा झाला आणि पंधरा-वीस दिवसांनी गुडघा टम्म सुजला. गुडघा उतरतो न उतरतो तोच मनगट, मग घोटा. आईनं शेकलं, चोळलं, देवाला साकडं घातलं. शेवटी सुजेनंच कंटाळून गाशा गुंडाळला आणि घरानं सुटकेचा श्वास टाकला. जाता जाता ती हृदयाची एक झडप आखडून गेली होती, हे कळलं थेट लग्नानंतर. जिना चढताना धाप लागते म्हणून बाई दवाखान्यात गेल्या, आणि डॉक्टरांनी छातीला लावलेली नळी बराच वेळ काढलीच नाही. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. घसा पुन्हा बिघडला तर झडपेवर पुन्हा घाला पडेल, तो पडू नये म्हणून. इंजेक्शन असं जालीम की त्या दिवशी बाईंना खुर्चीत एका अंगावर बसावं लागे, आणि हाताखालच्या बायकांना तेवढीच एक दिवस मजा.

तपासणीच्या धामधुमीत एखादं इंजेक्शन राहून जाई.

"एका सुईनं काय आभाळ कोसळतंय?" बाई म्हणत.

कधी एक राही, कधी लागोपाठ दोन. आभाळ आपलं जागच्या जागी असे, त्यामुळे बाईंना त्यात वावगं काही दिसत नसे.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक चष्मेवाली मुलगीच, बाईंच्या भाचीच्या वयाची. पण समजावून सांगायची हौस दांडगी. दर तीन महिन्यांनी ती बाईंचं रक्त तपासायला लावी. "सीआरपी म्हणून एक आकडा असतो," ती सांगे. "अंगात कुठेही सूज धुमसत असली की रक्तात तो चढतो. तुमच्या झडपेला पुन्हा सूज आली तर आपल्याला त्यावरून चाहूल लागते. आणि हृदय पंपाचं काम कितपत करतंय ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असतं, बरं का." बाई मान डोलवत. एवढ्या सगळ्या बोलण्यातून त्यांच्या कानात एकच शब्द शिरला होता, तो म्हणजे तपासणी.

त्यात कचेरीचा एक नियम होता. ज्याला हृदयाचं दुखणं आहे त्यानं दर वर्षी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणायचं. ते मिळालं नाही तर मुकादमी गेली. फाटकाशी स्टूल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पास फाडून देत बसायचं. पगार तोच, कष्ट शून्य. दुसरं कुणी असतं तर त्या स्टुलावर उडी मारून बसलं असतं. बाईंना मरण चाललं असतं, पण ते स्टूल नको होतं. आयुष्यभर ज्यांना उभं केलं, त्यांच्यासमोर आपण बसायचं म्हणजे काय!

आणि एका खेपेला आकडा चढलेला आला. डॉक्टरचा चेहरा उतरला.

"मध्ये इंजेक्शन चुकलं होतं का?"

"छे! काहीतरीच," बाई म्हणाल्या.

"पुढच्या वेळीही असाच आला तर मी तुम्हाला भरती करून घेणार. आणि सर्टिफिकेटचं मग बघू."

त्याच सुमारास गुडघेही बोलायला लागले होते, म्हणून कचेरीसमोरच्या औषधवाल्याकडून त्यांनी काहीतरी मागितलं. हा औषधवाला म्हणजे स्वतःला अर्धा डॉक्टर समजणारा माणूस, आणि उरलेला अर्धा कुठे कमी पडतो हे त्याला आजवर कळलं नव्हतं. त्यानं कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. "सुजेवर एकदम जबरदस्त. डॉक्टर लोक लवकर देत नाहीत, त्यांचा धंदा बसेल ना!" बाईंनी आठवडाभर गोळ्या खाल्ल्या. गुडघे गप्प झाले. भूक काय लागली, तरतरी काय आली! आणि त्याच आठवड्यात काढलेल्या रक्तात सीआरपी अगदी सरळ रांगेत येऊन उभा राहिला.

डॉक्टर खूश झाली. बाई रिपोर्टकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा! म्हणजे इथेही तोच कारभार आहे तर. ही तपासणीसुद्धा आधी तारीख सांगूनच येते!

झालं. त्या दिवसापासून बाईंनी स्वतःच्या रक्ताची मुकादमी हातात घेतली. रक्त द्यायची तारीख ठरली की आठ दिवस आधी पुडी आणायची, सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची, आणि रक्ताला चांगलं फिनेल मारून प्रयोगशाळेत न्यायचं. रिपोर्ट येई तो असा की फ्रेम करून लावावा. बाईंनी फ्रेम केला नाही, पण फ्रिजवर चुंबकाखाली लावला. कारण उघड आहे: नणंद.

नणंद म्हणजे घरातल्या तपासणीवाल्या. महिन्यातून एका रविवारी येत, खुर्चीवर बसण्याआधी तिच्यावरून बोट फिरवून बघत, आणि चहाचा पहिला घोट घेऊन वहिनीच्या तब्येतीवर शेरा मारत. "फारच ओढलेली दिसतेस गं. माझ्या भावाच्या नशिबी आजारपणच काढायचं आलं." आता बाई नुसतं फ्रिजकडे बोट दाखवायच्या.

"वाचा ना वन्सं. तुमचं एवढं स्वच्छ आहे का रक्त?"

वन्सं नाक मुरडून वाचत, आणि पुढच्या खेपेला स्वतःचाही रिपोर्ट पर्समध्ये घालून आणत. दोन घरांत असा रक्ताचा सामना सुरू झाला.

बाकी शरीर मात्र फ्रिजवरचा कागद वाचत नव्हतं. बाईंना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागे. थांबल्या की त्या तिथल्या खिडकीच्या चौकटीवर खेकसत, म्हणजे चौकट पुसायला थांबल्यासारखं दिसे. ती चौकट इमारतीतली सगळ्यात स्वच्छ चौकट झाली. संध्याकाळी पाय बुटांत मावेनात, म्हणून सैल चपला आल्या. आणि आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायला लागलं. बाईंनी डोक्याखाली आणखी एक उशी घेतली. घरात उश्या एकूण तीन. दोघांची एकेक आणि पाहुण्यांची एक. पाहुण्यांची बाईंकडे आली.

काही महिन्यांनी दोन उश्यांवरही भागेना. बाई उठून बसत, पुन्हा पडत, कूस बदलत. तेव्हा नवरा एकदा म्हणाला, "अगं, ही माझी उशी घे तू. माझी मान धरते हिच्यानं. उशीशिवाय झोपावं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"दुकानात एक गिऱ्हाईक म्हणत होतं."

बाईंनी उशी घेतली. गिऱ्हाईक कोण, कशावरून, हे त्यांनी विचारलं नाही. एरवी त्या एवढ्याशा गोष्टीवरून माणसाला उलटंपालटं करत. नवरा टॉवेलाची घडी डोक्याखाली घेऊन झोपायला लागला. चौथी उशी काही महाग नव्हती. पण ती आणली असती तर ती का आणली हे कुणालातरी मोठ्यानं बोलावं लागलं असतं, आणि ते दोघांनाही नको होतं.

डॉक्टर मात्र इकोचा धोशा लावून बसली होती. बाई दोन वर्षं टाळत राहिल्या. मशीनवाल्याकडे गर्दी असते, कचेरीत पाहुणे आहेत, छातीला लावतात ते जेल गार लागतं. खरं कारण असं की तिथे आदल्या दिवशी नेमकं काय पुसायचं हे बाईंना कळत नव्हतं. शेवटी डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं की इको नाही तर सर्टिफिकेट नाही, तेव्हा बाई मुकाट्यानं जाऊन पडून आल्या.

दोन दिवसांनी नवरा-बायको डॉक्टरसमोर बसले. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. डॉक्टर एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

"मला काही समजत नाहीये," ती म्हणाली. "रक्त म्हणतंय सूज नाही, सगळं शांत आहे. आणि इकोत झडप आणखी आखडलीय, शिवाय गळायलाही लागलीय. पंपाची ताकद साठ टक्के होती, ती पंचेचाळीसवर आली. दोन्ही खरं कसं असेल?"

"मशीन जुनं असेल," बाई म्हणाल्या. "आमच्या कचेरीतलं झेरॉक्सचं मशीनपण असंच करतं."

"धाप लागते?"

"नाही."

"पाय सुजतात?"

"उभ्यानं काम आहे माझं. कुणाचे नाही सुजणार?"

"झोपताना उश्या किती घेता?"

"एक," बाई म्हणाल्या. जगात आणखी किती घेतात, अशा थाटात.

नवऱ्यानं खिशातला रुमाल काढला, घडी घातली, परत खिशात ठेवला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आमच्या घरात उश्या तीन आहेत. तिन्ही हिच्याकडे असतात."

बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की कचेरीतली एखादी बाई असती तर जागच्या जागी वितळली असती. त्यानं मान खाली घातली, पण बोलायचा थांबला नाही. "तरी हल्ली ती बसूनच असते. आणि रक्त द्यायच्या आधी कसल्यातरी पांढऱ्या गोळ्या घेते. पुडी डब्यामागे असते. मला वाटलं, तुम्हीच दिल्यात." त्यानं मान वर केली. "नाही, खोटं कशाला बोलू. तुम्ही दिल्या नाहीत हे मला माहीत होतं."

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही मुलगी चिडूही शकते हे बाईंना त्या दिवशी कळलं.

"रक्त कुणासाठी तपासत होतो आपण? माझ्यासाठी? मला काय बक्षीस मिळतं तुमचा आकडा चांगला आला की? स्टेरॉइड असणार ते, आणि या गोळ्यांनी आकडा खाली येतो, हो, येतोच! वर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. झडप आतून धुमसत होती आणि मी इथे बसून तुमचं कौतुक करत होते!" तिनं इकोचा कागद बाईंपुढे सरकवला. "दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर झडप दुरुस्त झाली असती, बाई. आता बदलावी लागेल. आणि गेलेली ताकद सगळी परत येईल असं मी तुम्हाला नाही सांगू शकत."

बाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. जिन्याखालच्या त्या खोलीचं दार कुणी सताड उघडावं आणि आतलं सगळं अंगावर यावं, तसं झालं त्यांना.

बाहेर आल्यावर त्या नवऱ्यावर तुटून पडल्या. "चुगली केलीत माझी! त्या एवढ्याशा पोरीसमोर!"

"हो," तो म्हणाला.

"वर तोंड करून हो म्हणता?"

"हो."

थोडं चालून बाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मानेला खरंच काही होतं का हो?"

"काही नाही. मान माझी उत्तम आहे," नवरा म्हणाला. "म्हणजे होती. टॉवेलावर झोपून आता धरते."

बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि दुकानदारानं आतून पाण्याचा पेला आणून दिला.

पुढचं सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली झालं. पुडी गेली. काही दिवसांनी बाईंनी पहिल्यांदाच काहीही न पुसता, न झाडता रक्त दिलं, आणि सीआरपीचा आकडा इतका चढलेला आला की प्रयोगशाळेनं तो पुन्हा मोजून बघितला. बाईंनी तो कागदही फ्रिजवर लावायला सांगितला. मग भरती होणं, सूज रीतसर उतरवणं, आणि मग झडपेचं ऑपरेशन. छातीवर टाक्यांची उभी रेघ घेऊन बाई घरी आल्या आणि सर्टिफिकेटचा विषय आपोआप निकालात निघाला.

स्टूल मिळालं. पहिल्या दिवशी त्या त्यावर अशा बसल्या की जणू ते गरम आहे. आठवडाभरात फाटकाची शिस्त अशी लागली की मोठे साहेबसुद्धा पास विसरले की मागच्या दारानं यायला लागले. इंजेक्शन ऑपरेशननंतरही सुटलं नव्हतं, दर तीन आठवड्यांनी होतंच. बाई त्या दिवशी स्टुलावर एका अंगावर बसत, आणि का म्हणून विचारणाऱ्याला सगळ्यांदेखत मोठ्यानं कारण सांगत. विचारणारे हळूहळू कमी झाले.

घरी उश्या एकेक करून परत गेल्या. पाहुण्यांची पाहुण्यांकडे, नवऱ्याची नवऱ्याकडे. त्याला तोवर उशीची सवयच उरली नव्हती. या कुशीवरून त्या कुशीवर होत तो पुटपुटत असे. "घ्या, आता नखरे," बाई म्हणत.

मग एक रविवार आला, नणंदेचा. वन्संनी खुर्चीवर बोट फिरवलं, बसल्या, फ्रिजवरचा ताजा कागद वाचला. आकडा अगदी छान होता, आणि यावेळी खराखुरा.

"चला, बरं झालं बाई एकदाचं," वन्सं म्हणाल्या. "रक्त बघ कसं आलंय! आता काही काळजी नाही. मी म्हणतच होते, मनाचं असतं सगळं."

बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. एरवी अशा वेळी त्या रिपोर्टाचा झेंडा करून घरभर फिरवत. त्यांनी वन्संकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "तुमची उशी आणा. पाहुण्यांचीपण आणा."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हातात चहाची गाळणी तशीच.

"दोन्ही?"

"दोन्ही. कालपासून आडवं होता येत नाहीये मला. घोटे बघा, बोट रुततंय." बाईंनी बोट दाबून दाखवलं, खळगा तसाच राहिला. "रक्तात नाही दिसायचं हे, वन्सं. तो कागद राहू दे तिथेच."

वन्सं उठल्या, आतून दोन्ही उश्या घेऊन आल्या, आणि वहिनीच्या पाठीशी नीट, एकावर एक, लावून दिल्या.

नवऱ्यानं गाळणी ओट्यावर ठेवली आणि डॉक्टरला फोन लावला.

"उद्या सकाळचा नंबर मागा," बाई उश्यांवर रेलत म्हणाल्या.

"उद्या कशाला," तो म्हणाला, "आत्ताच निघू." आणि फोन कानाला तसाच धरून त्यानं पलंगाखालून तिच्या सैल चपला काढल्या आणि तिच्या पायांपाशी ठेवल्या.